स्वयंपाकघरातले बेट

बेट म्हटले की आम्हा वैनगंगेच्या खोऱ्यातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीचे पाणी ओसरते, पात्राच्या मधोमध रेतीचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो, कुणीतरी त्यावर डांगर-टरबुजांची वाडी लावतो आणि मृगाचा पाऊस लागला की ती रेती पुन्हा पाण्याखाली जाते. बेटाशी आमचा संबंध एवढाच. म्हणून गेल्या चैत्रात माझ्या पुतण्याने दवनीवाड्याला बांधायच्या नव्या घराचा नकाशा मोबाइलवर पाठविला आणि त्याखाली मोठ्या हौसेने 'आत्या, सैपाकघरात आयलंड घेतलं आहे' असे लिहिले, तेव्हा क्षणभर मला रेतीच आठवली.

हे बेट म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भिंतीला लागून असलेला ओटा आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. तसाच एक ओटा भिंतीपासून सोडवून खोलीच्या मध्यभागी उभा करावयाचा, चारी बाजूंनी फिरता येईल असा. त्यावर गॅसची शेगडी बसवावयाची, किंवा नुसता चिरण्या-लाटण्यासाठी तो मोकळा ठेवावयाचा. एका अंगाला उंच स्टुले मांडावयाची आणि घरच्या मंडळींनी तिथेच चहा-फराळ उरकावयाचा. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत बहुधा काढूनच टाकतात, म्हणजे रांधणारी बाई सर्वांना दिसते आणि तिलाही सर्व दिसतात.

पुतण्याच्या नकाशात स्वयंपाकघर १४ फूट बाय १२ फुटांचे होते. उत्तरेच्या लांब भिंतीला २ फूट रुंदीचा ओटा आणि त्यात भांडी धुण्याचे सिंक. मध्ये ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद बेट. बेटावर चार बर्नरांची शेगडी. बेटाच्या अलीकडे साडेतीन फूट वाट, पलीकडे साडेतीन फूट आणि दोन्ही टोकांना चार चार फूट. पूर्वेला दिवाणखाना, पश्चिमेला परसात जाण्याचे दार, तेही नेमके उत्तरेकडच्या वाटेसमोर. आकड्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. या विषयावरची पुस्तके अशा वाटेला एक बाई रांधत असेल तर ४२ इंच आणि दोघी असतील तर ४८ इंच ठेवा म्हणून सांगतात. साडेतीन फूट म्हणजे बरोबर ४२ इंच. इंच चुकले नव्हते. पण नकाशा काढणाऱ्याने भात वेळताना कधी पाहिला नसावा, अशी शंका मला पहिल्या नजरेतच आली.

त्यासाठी आमचे जुने स्वयंपाकघर सांगितले पाहिजे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे सपरी, मध्ये धानाच्या ढोल्यांची अंधारी खोली आणि सर्वांत मागे सैपाकघर. चुलीला लागून वैल. आई पिढ्यावर बसली की डाव्या हाताला पाण्याचा गुंड, उजव्या हाताला पळसाच्या काटक्या आणि गोवऱ्या, मागे भिंतीतल्या कोनाड्यात मीठ-तिखट, पुढ्यात कोपर आणि पावशी. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कोपर म्हणजे परात आणि पावशी म्हणजे विळी असे समजावे.) एकदा बसली की उठण्याचे तिला कारण नसे. तिच्या हाताच्या टप्प्यात, अडीच-तीन फुटांच्या वर्तुळात, सगळा संसार मांडलेला असे. पुढे अमेरिकेतल्या विद्वानांनी बाईची पावले वाचविण्यासाठी केलेले प्रयोग मी वाचले, तेव्हा मला आईचे ते वर्तुळ आठवून हसू आले. तिची पावले वाचवायला तिने पावले टाकलीच कुठे होती!

पण जुन्याचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या खोलीत धूर कोंडे. आईचे डोळे पन्नाशीच्या आतच अधू झाले. वर्ध्याला १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, तिथे मगनवाडीत धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार झाली. वर्धा काही आम्हांला परका मुलूख नव्हे. तरीही ती चूल आमच्या घरापर्यंत कधी पोचली नाही. आणि धुरापेक्षाही वाईट असा एक दोष त्या खोलीत होता: परसात, विहिरीकडे जाण्याचे दार चुलीच्या अगदी अंगाला होते.

आमच्याकडे दोन्ही वेळा भात. पंधरा-वीस माणसांचा भात मोठ्या गंजात शिजे आणि शिजला की तो वेळावा लागे. गंजावर ताट आवळून धरायचे, दोन्ही हातांत फडकी घ्यायची आणि गंज तिरपा करून खालच्या भांड्यात उकळती पेज ओतायची. स्वयंपाकातले एवढे धोक्याचे काम दुसरे नाही. दोन्ही हात गुंतलेले, वाफेने डोळे मिटलेले आणि सगळे वजन पुढे कललेले. त्या वेळी कुणी नुसता धक्का लावला तरी पुरे.

१९६१ सालचा तान्हा पोळा. मी आठ वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्या वेळी दवनीवाडा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजी. सकाळपासून भावाने आपला लाकडी नंदी बेगड लावून सजविला होता. तो नंदी दोरीने ओढत, आईला दाखवायला म्हणून, परसदारातून धावत आत आला. आई भात वेळत होती. नंदीचे चाक उंबऱ्याला अडले, दोरीला हिसका बसला आणि तो थेट आईच्या हातांवर जाऊन पडला. पेज त्याच्या उजव्या हातावर आली, खांद्यापासून कोपराच्या खालपर्यंत. बैलगाडीत तणस पसरून त्याला गोंदियाला नेले. तो वाचला, पण तो हात कोपरात पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्या वाकड्या हातानेच त्याने पन्नास वर्षे शेती केली. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून परे लावताना त्याचा तो हात लांबूनही ओळखू येई.

तेव्हापासून आईने एक केले. गंज उतरविण्यापूर्वी ती उठून परसदाराची कडी लावी आणि मगच भात वेळी. म्हातारपणी, घरात एकही लेकरू नसतानासुद्धा. आणि ही हकिकत घरात काढावयाची नाही, असा न सांगता ठरलेला नियम होता. आई गेली, चार वर्षांपूर्वी भाऊही गेला. पण नियम तसाच राहिला. पुतण्याने बापाचा हात जन्मभर पाहिला होता. तो कशाने वाकला, हे त्याला ठाऊक नव्हते. लहानपणी भाजला होता, एवढेच ठाऊक होते.

आता नकाशाकडे पाहा. शेगडी बेटावर, सिंक भिंतीच्या ओट्यात आणि दोहोंच्या मधून साडेतीन फुटांची वाट. ती वाट दिवाणखान्यातून परसदाराकडे सरळ जाणारी. म्हणजे उकळता गंज हातात घेऊन बाईने वळावयाचे, रहदारीचा रस्ता ओलांडावयाचा आणि तो सिंकमध्ये रिता करावयाचा. पुतण्याला दोन मुली आहेत. धाकटी पाच वर्षांची आहे.

पुतण्या म्हणाला, ''आत्या, आता कोण भात वेळते? कुकर आहे.'' दोन माणसांच्या घरात ते खरे आहे. पण रोवणीला आणि धानकापणीला मजूर जेवायला असतात, लग्नकार्य असते, आणि वहिनीला तर कुकरातला भात आजही भात वाटत नाही. शिवाय पेज नसली तरी डाळीचे गंज आहे, शेवयांचे पाणी आहे, दिवाळीची तेलाची कढई आहे.

या विषयावर शहाण्या माणसांनी बराच विचार केलेला आहे. अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी १९१३ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या येरझाऱ्या मोजल्या आणि भांडी-सामानाची जागा कामाच्या क्रमाने लावावी असे सांगितले. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुकाराने कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले, जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. नमुना म्हणून तिने आगगाडीच्या भोजनडब्यातले चिंचोळे मुदपाकघर डोळ्यांपुढे ठेवले होते. गोंदिया जंक्शनावर ज्यांचे निम्मे आयुष्य गाड्यांची वाट पाहण्यात गेले, त्यांना या कल्पनेचे विशेष कौतुक वाटावे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसविली गेली. बाईंनी स्वतः तोवर कधी रांधले नव्हते, हे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. तरी एक गोष्ट त्यांना सुचली आणि ती मला फार आवडली: त्या स्वयंपाकघरात एक फिरते स्टूल होते. बाईने चिरणे-निवडणे बसून करावे म्हणून. उभ्याने रांधणाऱ्या मुलखात बसण्याची आठवण ठेवणारी ही बाई, आणि बसून रांधणाऱ्या आमच्या मुलखात नवी घरे बांधताना बसणे तेवढे आम्ही विसरलो.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४४ साली, इलिनॉय विद्यापीठात लहान घरांचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. चूल, पाणी आणि धान्य-भाजी ठेवण्याची जागा यांचा त्रिकोण मानावा, त्याची प्रत्येक बाजू ४ ते ९ फुटांची असावी, तिन्ही मिळून २६ फुटांपेक्षा जास्त होऊ नये, असा नियम त्या कामातून रूढ झाला. त्रिकोणाची ही गोष्ट आता सगळे बांधकामवाले घोकतात. पण त्याला जोडून येणारा दुसरा नियम मात्र कुणी सांगत नाही: घरातली रहदारी त्या त्रिकोणातून जाता कामा नये. हे वाचले तेव्हा वाटले, आईने परसदाराला लावलेली कडी म्हणजे हाच नियम होता. तो तिला शिकावा लागला कसा, एवढाच फरक.

वैशाखात मी दवनीवाड्याला गेले. पाया खणून झाला होता. जुन्या घराची एक खोली अजून उभी होती आणि तिच्यात तात्पुरता संसार चालला होता. वहिनी आता अडुसष्ट वर्षांची आहे. पुतण्याने नकाशा तिच्यापुढे पसरला, बेट दाखविले, स्टुले दाखविली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ''मी कुठी बसीन?''

पुतण्याने स्टुलाकडे बोट दाखविले. ''त्याच्यावर मी चढीन?'' वहिनी म्हणाली. एवढे बोलून ती उठायला लागली. भिंतीचा आधार घेत, आधी एक गुडघा, मग दुसरा. खाली बसली की उठवत नाही आणि उभी राहिली की पाय सुजतात, अशी तिची अवस्था. चाळीस वर्षे ज्या घरात तिने रांधले, त्याच्या नव्या नकाशात तिला उभे राहण्याला आणि फिरण्याला जागा होती, बसण्याला नव्हती. मी टेप घेतला आणि ती भाजी चिरायला बसली असताना तिच्याभोवतीची जागा मोजली. गुडघे, पावशी, पुढची कोपर, बाजूचे सूप आणि सालपटांची टोपली मिळून पाच फूट बाय चार फूट. एवढी जमीन बेटाच्या कोणत्याच बाजूला उरत नव्हती. टोकाच्या चार फुटांत ती बसली असती तर येणारा-जाणारा तिला ओलांडूनच गेला असता.

तेव्हा बेट काढून टाका, असे मी म्हणेन अशी पुतण्याची अपेक्षा होती. पण सूनबाईची बाजू ऐकल्यावर ते म्हणणे मला शक्य नव्हते. ती गोंदियाला नोकरीवर जाते, सहा वाजता परत येते आणि तिथून तिचा स्वयंपाक सुरू होतो. ''आत्याबाई,'' ती म्हणाली, ''दिवसभर पोरींचं तोंड दिसत नाही. घरी आल्यावर पुन्हा भिंतीकडं तोंड करून उभं राहायला मी काय शिक्षा भोगते आहे?'' खरेच होते. आईच्या काळोख्या खोलीत बाहेरचा माणूस येत नसे आणि आतली बाई बाहेर दिसत नसे; त्याला आपण मर्यादा म्हणत होतो. मुलींचा अभ्यास डोळ्यांसमोर चालावा, नवऱ्याने सहज चार कांदे चिरून द्यावेत, यासाठी भिंत पडत असेल तर ती पडावीच. आणि मध्यभागी ओटा ठेवून भोवताली माणसांनी वावरावे ही कल्पना आम्हांला अगदीच परकी आहे असेही नाही. लग्नाच्या वेळी अंगणात चर खणून लांब चुलाण पेटवतात, त्याच्या दोन्ही अंगांनी पुरुष-बायका मिळून रांधतात, थट्टामस्करी करतात. वर्षभर कोपऱ्यात बसून रांधणाऱ्या बाया त्या दोन दिवसांत किती मोकळेपणाने बोलतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला सूनबाईचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घरकुल आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला किमान २५ चौरस मीटर जागा धरली आहे, स्वयंपाकाची जागा त्यातच आली. म्हणजे अख्खे घर सुमारे २७० चौरस फूट. पुतण्याचे एकटे स्वयंपाकघर १६८. त्या घरची बाई आमच्या पायाच्या रेघा पाहायला आली होती. ती म्हणाली, ''एवढ्यात तर माझं घर निघून सपरी उरंल.'' उरली नसती, पण मुद्दा कळला. तिच्या घरी गॅसच्या शेजारी चूलही आहे, सिलिंडर भरून आणणे जमेल तसे. आणि भात ती बाहेर, अंगणात येऊन वेळते. तिला बेटाचा प्रश्न नाही. आपण इंचांवर वाद घालतो आहोत हीसुद्धा एक चैन आहे, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. असो.

त्या रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. पुतण्याला मी त्याच्या बापाच्या हाताची गोष्ट सांगितली. नंदी, उंबरा, पेज, बैलगाडी, कडी. तो काही बोलला नाही. वहिनीला ती ठाऊक असावी. तिने फक्त कूस बदलली. बराच वेळाने पुतण्याने विचारले, ''तो नंदी कुठी आहे?'' मी म्हटले, आईने तो त्याच दिवशी चुलीत घातला.

सकाळी त्याने स्वतःच कागद काढला. शेगडी बेटावरून उचलून भिंतीच्या ओट्यावर नेली, सिंकच्या लगत, मध्ये दोन फूट दगड मोकळा सोडून; म्हणजे गंज उचलावा लागणार नाही, सरकवता येईल. परसदार उत्तरेकडून काढून त्याच भिंतीच्या दक्षिण टोकाला घेतले, म्हणजे जाणे-येणे बेटाच्या पलीकडून होईल. बेट तीन फुटांचे अडीच फूट रुंद केले. अर्धा फूट वाचला तो रांधण्याच्या वाटेला दिला आणि ती चार फुटांची झाली, दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या तरी अडचण न होण्याइतकी. आता बेटावर विस्तव नाही. ते मुलांच्या आणि उकळत्या भांड्याच्या मधला बांध झाले आहे, बांधीला धुरा असावा तसे. सूनबाईचे तोंड भाजी फोडणीला टाकताना भिंतीकडे होईल, पण चिरताना, लाटताना, निवडताना ती मुलींकडे पाहू शकेल. स्वयंपाकाचा बहुतेक वेळ त्यातच जातो. तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

राहिली वहिनी. बेटाची सहा फुटांपैकी साडेतीन फूट लांबी उभ्याने काम करण्याच्या उंचीची ठेवली आणि अडीच फूट खाली उतरविली, तिच्या बसण्यासाठी. खाली पाय जातील अशी पोकळ. पावशी पायाखाली दाबून धरण्याची सवय. ती दगडावर घसरू नये म्हणून सुतार एक लाकडी पट्टी मारून देणार आहे. तिने सुरीला स्पष्ट नकार दिला. पण बैठक किती उंच हवी, हे कुठल्या पुस्तकात पाहणार? तिथे दिलेली मापे पाच फूट उंचीच्या, गुडघे धरलेल्या बाईची नव्हेत.

मिस्त्री म्हणाला, विटांवर बसवून पाहू. त्याने चार विटा एकावर एक अशा दोन ओळी रचल्या, वर फळी टाकली. वहिनी बसली, उठताना तिने माझा खांदा धरला. पाचवी वीट चढविली. उठताना तिने फळीवर हात टेकला. सहाव्या विटेला ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली आणि तशीच, कुणाला न धरता, उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली, पुन्हा उठली; जणू कुणी आपल्याला फसवीत तर नाही ना, हे पाहत होती. मिस्त्रीने खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली.

''अन् पाण्याचा गुंड?'' वहिनी बसल्या बसल्या डावा हात खाली सोडून म्हणाली. ''गुंड माझ्या या हाताशी पाहिजे.'' मिस्त्रीने पुतण्याकडे पाहिले, पुतण्याने कागदाकडे. टेप माझ्याच हातात होता, तो मी पुन्हा उघडला.